महापौरांच्या हातात नेमकं काय असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे : ‘आमच्या भागातली ड्रेनेजची लाइन दर पावसाळ्यात तुंबते आणि मैला रस्त्यावर येतो. सोसायटीतले आम्ही सगळे जाऊन नव्या महापौरांना निवेदन देऊन आलो. त्यांनी आमच्यासमोरच फोन लावून अधिकाऱ्याला झापलं. त्याला महिना झाला, काम जागच्या जागी. महापौरांना कार्यकारी अधिकार असतात की नाही? असतील तर वापरत का नाहीत? नसतील तर गाडी, बंगला, शिपाई कशासाठी? आणि मग आम्ही जायचं कोणाकडे?’

मी महापालिकेत नगरसचिव होतो. सभागृहात महापौरांच्या शेजारी बसून, समोर गोंधळ चालू असताना त्यांच्या कानात ‘हा विषय आधी मतास टाका’ असं कुजबुजणारा माणूस म्हणजे नगरसचिव. त्या खुर्चीवरून जे दिसलं, त्याच्या आधारावर उत्तर देतो.

महाराष्ट्रात महापौरांना कार्यकारी अधिकार जवळजवळ नाहीत. हे ऐकून लोकांना धक्का बसतो, आणि खरं सांगायचं तर निवडून आलेल्या काही महापौरांनाही पहिल्या महिन्यात बसतो. मुंबईचा कारभार १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमावर चालतो आणि बाकीच्या महापालिकांचा १९४९ च्या अधिनियमावर. त्यालाच आधी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम म्हणत, आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्याचं कलम ४ उघडून बघा. कायदा राबवायची जबाबदारी कोणाकोणावर, याची यादी तिथे आहे : महानगरपालिका म्हणजे सगळी सभा, स्थायी समिती, प्रभाग समित्या, आयुक्त, परिवहन उपक्रम असेल तर परिवहन समिती आणि परिवहन व्यवस्थापक. या यादीत महापौर नाहीत. शहराचा प्रथम नागरिक कायद्याच्या लेखी ‘प्राधिकरण’ नाही.

पुढे कलम ६७ येतं. कायद्यात दुसरीकडे स्पष्टपणे वेगळं सांगितलेलं नसेल, तर संपूर्ण कार्यकारी अधिकार आयुक्तांचा, असं ते म्हणतं. मुंबईच्या कायद्यात हेच काम कलम ६४ करतं. निविदा काढणं, कामाचा आदेश देणं, ठेकेदाराला दंड लावणं, बांधकाम परवानगी देणं, अनधिकृत इमारतीला नोटीस देऊन ती पाडणं, कर्मचाऱ्याची बदली किंवा निलंबन, ही सगळी कामं आयुक्तांच्या नावाने होतात. उपायुक्त, शहर अभियंता, क्षेत्रीय अधिकारी हे आयुक्तांनी दिलेले अधिकार वापरत असतात. तुमच्या महापौरांनी ज्याला फोनवर झापलं, त्या कार्यकारी अभियंत्याचा गोपनीय अहवाल महापौर लिहीत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत असतं. तो ‘हो मॅडम, लगेच करतो’ म्हणतो आणि फोन ठेवून पुढच्या फाइलकडे वळतो. कधी खरंच करतोही. पण ते भिडेखातर, कायद्याखातर नाही.

अशा झापण्याचं पुढे काय होतं, तेही सांगतो. भर सभेत एका महापौरांनी एका उपअभियंत्याला उभं केलं आणि ‘याला आत्ताच्या आत्ता निलंबित करा’ असा आदेश सोडला. बाकं वाजली, गॅलरीतल्या पत्रकारांनी खाली माना घालून लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी ठळक बातमी आली. त्याच दुपारी मी इतिवृत्ताचा उतारा आयुक्तांकडे पाठवला. दोन दिवसांनी फाइल परत आली, वर हिरव्या शाईत शेरा : ‘पाहिले. नियमानुसार कार्यवाही.’ प्रशासनाच्या भाषेत याचा अर्थ काय होतो, हे ज्याने महापालिकेत आठवडाभर काढलाय तोही सांगेल. तो उपअभियंता त्या दिवशीही आपल्या टेबलावर होता आणि पुढेही राहिला. बरं, त्याची चूक होती का? होती. पण विभागीय चौकशी लावायचा मार्ग वेगळा, आणि तो धरायला कोणाला वेळ नव्हता.

ही रचना इंग्रजांनी आपल्याला दाबून ठेवायला केली, असं सभागृहात भाषण ठोकणारे नगरसेवक मी खूप ऐकले. ते अर्धंच खरं आहे. १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. मंडईला अजूनही लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. कामाचा धडाका मोठा, खर्चाला धरबंध नाही. १८७१ मध्ये करदाते भडकले आणि १८७२ च्या कायद्याने करदात्यांनी निवडलेले निम्मे सदस्य असलेली महापालिका आली. त्या वादात फिरोजशहा मेहता नावाचा तरुण बॅरिस्टर काय म्हणत होता, हे बघण्यासारखं आहे. कारभार एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या हाती ठेवा, पण त्याच्यावर लोकांनी निवडलेल्या सभेचा वचक असू द्या, असं त्याचं म्हणणं. म्हणजे आयुक्त बलवान असावा हे आपल्याच एका थोर माणसाचं मत होतं. त्यातली ‘वचक’ ही दुसरी बाजू मात्र आपण हळूहळू घालवली. अध्यक्षाला ‘महापौर’ म्हणायला मुंबईत सुरुवात झाली ती १९३१ मध्ये. नाव भारदस्त झालं, अधिकार होते तेवढेच राहिले.

मग महापौरांकडे असतं काय? सभा. आणि सभा ही फार मोठी गोष्ट आहे, फक्त ती वापरता यायला हवी.

महिन्याला निदान एक सर्वसाधारण सभा घ्यावीच लागते, तीही वीस तारखेच्या आत. त्याखेरीज वाटेल तेव्हा विशेष सभा बोलावण्याचा अधिकार महापौरांना आहे, आणि ठरावीक संख्येने नगरसेवकांनी लेखी मागणी केली तर बोलवावीच लागते. सभेचं अध्यक्षस्थान महापौरांचं. कोणाला बोलू द्यायचं, हरकतीच्या मुद्द्यावर निर्णय काय, कोणता विषय आधी घ्यायचा, उपसूचना म्हणजे मूळ प्रस्तावात सुचवलेला बदल स्वीकारायचा की नाही, सभा किती वाजता तहकूब करायची, सगळं त्यांच्या हातात. गोंधळ घालणाऱ्या सदस्याला बाहेर काढता येतं, पुन्हा घातला तर काही दिवसांसाठी निलंबित करता येतं. मतं समसमान पडली तर निर्णायक मत त्यांचं. ज्या शहरात सत्ताधारी आणि विरोधक यांच्यात दोन-तीन जागांचा फरक असतो, तिथे त्या एका मताची किंमत गटनेत्यांना विचारा.

आयुक्तांना कितीही कार्यकारी अधिकार असले तरी शहराचे मोठे निर्णय या सभेतूनच जातात. करांचे दर, अंदाजपत्रक, विकास आराखडा आणि त्यातल्या आरक्षणांचे (सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागांचे) फेरबदल, महापालिकेच्या जागा भाड्याने देणं, मोठ्या योजना, रस्त्यांना नावं. शिवाय आयुक्तांकडून कागद, टिपणं, अहवाल मागवायचा अधिकार सभेला आहे. सभेने मागितलेला अहवाल द्यावा लागतो. फोनवर मागितलेला दिला काय, नाही दिला काय, कोण विचारतो?

हा फरक पुरता ओळखलेल्या एक महापौर मी पाहिल्या. आधी शाळेत शिकवायच्या. कोणत्या अधिकाऱ्यावर आवाज चढवलेला मला आठवत नाही. त्यांनी एवढंच केलं : प्रत्येक सभेच्या कार्यपत्रिकेत पहिला विषय ‘मागील ठरावांची अंमलबजावणी’ हा लावायला मला सांगितलं. त्यांच्याकडे शंभर पानी साधी वही असायची. डावीकडे ठराव क्रमांक, तारीख आणि जबाबदार खातं, उजवं पान कोरं. खातेप्रमुख उभा राहिला की त्या तो ठराव वाचून दाखवायच्या आणि म्हणायच्या, ‘सांगा, मी लिहून घेते.’ मग शांतपणे पेन उघडायच्या. ‘काम प्रगतिपथावर आहे’ असं कोणी म्हणालं तर त्या तेच लिहायच्या आणि पुढच्या महिन्यात तेच वाचून दाखवायच्या, ‘तुम्ही म्हणाला होतात प्रगतिपथावर आहे. किती मीटर झालं?’ तीन-चार सभांनंतर शहर अभियंता सभेच्या आदल्या दिवशी माझ्या खोलीत येऊन विचारायला लागले, ‘ते तळ्याकडच्या नाल्याचं अजून त्यांच्या वहीत आहे का हो?’ आहे म्हटलं की जेसीबी जायचा.

वहीपेक्षा जरब होती ती इतिवृत्ताची. सभेत झालेला निर्णय इतिवृत्तात येतो, पुढच्या सभेत कायम होतो, आणि मग तो अभिलेख होतो. उद्या लेखापरीक्षणात, कोर्टात, माहितीच्या अधिकारात तोच निघतो. ‘पुढील सभेपूर्वी लेखी अहवाल ठेवावा असे मा. महापौर यांनी निर्देश दिले’ हे एक वाक्य इतिवृत्तात आलं की आयुक्तही ते दफ्तरी दाखल करून मोकळे होऊ शकत नाहीत. निलंबनाच्या आरोळीला ते वजन नव्हतं, कारण निलंबन हे सभेचं कामच नव्हतं.

याच ताकदीची काळी बाजूही आहे. विषय मांडला जातो, घाईघाईत ‘मंजूर, मंजूर’ होतं, आणि इतिवृत्तात येतं ‘उपसूचनेसह मंजूर’. ती उपसूचना सभेत कोणी वाचलेली नसते. कुठल्याशा आरक्षणाचा बदल, कुठल्याशा ठेकेदाराला मुदतवाढ त्यात बसवलेली असते. तिचा मजकूर लिहिलेली चिठ्ठी नंतर येते आणि ती इतिवृत्तात घालायला नगरसचिवावर दबाव येतो. मला कोणी विचारलं, महापौरांचं सगळ्यात मोठं कर्तव्य कोणतं, तर मी हेच सांगेन : जे सभेत वाचलं गेलं तेवढंच इतिवृत्तात जाऊ देणं. कायद्यात हे एका ओळीत कुठे लिहिलेलं नाही, पण त्या खुर्चीचा सगळा अर्थ त्यात आहे. आयुक्तांना एखादा ठराव बेकायदा किंवा महापालिकेच्या हिताविरुद्ध वाटला तर ते तो शासनाकडे विखंडनासाठी, म्हणजे रद्द करण्यासाठी, पाठवतात. कलम ४५१ खाली शासन तो आधी निलंबित करतं, मग विखंडित. अशा घुसवलेल्या उपसूचना बऱ्याचदा तिथे जाऊन पडतात, आणि त्यांच्याबरोबर कधीकधी चांगले ठरावही जातात.

पैशाच्या बाबतीत महापौरांचा हात अजून आखडलेला. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, ते स्थायी समितीला सादर होतं, समिती त्यात भर घालून सर्वसाधारण सभेपुढे आणते. करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवावे लागतात. ठरावीक रकमेच्या वरची कंत्राटं स्थायी समितीच्या मान्यतेशिवाय होत नाहीत. मुंबई सोडली तर ही समिती सोळा जणांची, निम्मे दरवर्षी निवृत्त होतात, अध्यक्ष त्यांच्यातून निवडला जातो. तिजोरीच्या चाव्या स्थायीच्या अध्यक्षांकडे, असं वर्तमानपत्रं लिहितात ते खोटं नाही. पक्षात महापौरपदापेक्षा स्थायीच्या अध्यक्षपदासाठी जास्त ओढाताण का होते, हे यावरून कळेल. महापौरांच्या वाट्याला येतात त्या अंदाजपत्रकात त्यांच्या नावाने धरलेल्या काही तरतुदी आणि महापौर चषकाच्या कुस्त्या.

त्यात मुदत अडीच वर्षांची. पूर्वी एकच वर्ष असायची, त्या मानाने बरं. पद अनुसूचित जाती, जमाती, मागासवर्ग, महिला यांच्यासाठी फिरत्या आरक्षणाने जातं आणि त्याची सोडत मंत्रालयात निघते. हे योग्यच आहे, त्यामुळे जी माणसं कधी त्या खुर्चीच्या जवळ फिरकली नसती ती तिथे बसली. खटकतं ते पुढचं. पक्ष ती अडीच वर्षंही दोघांत वाटतात, सव्वा-सव्वा वर्ष. सव्वा वर्षातले पहिले तीन महिने सत्कारात जातात, शेवटचे दोन राजीनामा द्यायचा की नाही यात. मधे एखादंच अंदाजपत्रक वाट्याला येतं. आणि जिथे महापौर बाई असतात तिथे त्यांच्या दालनातल्या दुसऱ्या खुर्चीत ‘साहेब’ बसलेले असतात, तो प्रकार अजून पुरता गेलेला नाही. शाळेत शिकवणाऱ्या त्या महापौरांनी ती खुर्चीच दालनातून काढायला लावली होती.

आयुक्त ऐकतच नसतील तर काय? कायद्यात उपाय आहे. एकूण सदस्यांपैकी किमान पाच अष्टमांश सदस्यांनी ठरावाच्या बाजूने मत दिलं, तर शासनाने आयुक्तांना परत बोलवायचं आहे. वाचायला कडक वाटतं. नवी मुंबईत ऑक्टोबर २०१६ मध्ये तुकाराम मुंढे यांच्याविरुद्ध असा अविश्वास ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला. शासनाने तो अमलात येऊ दिला नाही, मुंढे राहिले, आणि मार्च २०१७ मध्ये त्यांची बदली झाली ती शासनाच्या सोयीने. त्या वादात कोण बरोबर होतं यावर दोन तट पडतील, मला त्यात शिरायचं नाही. पण एवढं कळलं की आयुक्त ज्यांनी पाठवला तेच त्याला नेणार, आणि हे आयुक्तांनाही ठाऊक असतं. महापौर आणि आयुक्त यांच्या भांडणात तिसरी खुर्ची कायम नगरविकास खात्याची असते.

आणीबाणीत तर हे आणखी उघडं होतं. जिवाला किंवा मालमत्तेला धोका असेल तेव्हा मंजुरीची वाट न बघता आयुक्त खर्च करू शकतात, नंतर स्थायी समितीला आणि सभेला कळवायचं. पूर आला तर आपत्ती व्यवस्थापनाची सूत्रं जिल्हाधिकारी आणि आयुक्त यांच्याकडे. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हा १८९७ च्या साथरोग कायद्याखाली शहरांत अधिकार मिळाले ते महापालिका आयुक्तांना. मुंबईच्या तेव्हाच्या महापौर किशोरी पेडणेकर पूर्वी परिचारिका होत्या. एप्रिलमध्ये त्या परिचारिकेचा गणवेश घालून नायर रुग्णालयात गेल्या. कोणी त्याला दिखावा म्हटलं, कोणी धीर. माझ्या मते त्या पदाला त्या दिवशी जे करता येण्यासारखं होतं ते त्यांनी केलं. खाटा किती वाढवायच्या, कोणता भाग बंद करायचा, हे सांगणारा कागद महापौरांच्या सहीने निघतच नव्हता.

आपल्याकडे हे बदलायचा प्रयत्न झालाच नाही असं नाही. १९९८ मध्ये मुंबई आणि नागपूरला महापौर परिषद आणली, म्हणजे महापौर आणि त्यांचं छोटं मंत्रिमंडळ, कार्यकारी अधिकार त्यांच्याकडे. पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. आमच्यातले जुने लोक म्हणायचे, आयुक्तांना ती नको होती, विरोधकांना नको होती, आणि परिषदेत जागा न मिळालेल्या सत्ताधारी नगरसेवकांना तर मुळीच नको होती. समित्या गेल्या की समित्यांची अध्यक्षपदंही जातात! कोलकात्यात मात्र १९८० च्या कायद्याने ही पद्धत आली आणि टिकली. मध्य प्रदेशात महापौर थेट लोकांतून निवडला जातो आणि त्याची परिषद असते. आपले इंदूरकर मराठी लोक त्यामुळे महापौरांना नावाने ओळखतात, मतदानाच्या यंत्रावर त्यांनी ते नाव पाहिलेलं असतं. पुणेकरांना मागच्या चार महापौरांची नावं विचारून बघा.

मग आपल्याकडे थेट निवडणूक हवी का? घाई करू नका. छोट्या गावांत ती आहेच. नगरपरिषदांचा १९६५ चा कायदा वेगळा, आणि त्यात नगराध्यक्षाला थेट निवडायची पद्धत कधी आणली गेली, कधी काढली गेली : २००१ मध्ये आली, गेली, २०१६ मध्ये आली, २०२० मध्ये गेली, २०२२ मध्ये पुन्हा आली. ज्याला जे सोयीचं. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की गावचा कारभार वर्षानुवर्षं अडून बसतो, हे कित्येक नगरपरिषदांनी भोगलंय. पण एक गोष्ट त्या कायद्यात चांगली आहे : नगराध्यक्ष हाच स्थायी समितीचा अध्यक्ष असतो, आणि कारभारावर देखरेखीचं काम कायदा त्याच्याकडे स्पष्टपणे देतो. म्हणजे तालुक्याच्या गावचा नगराध्यक्ष पुण्याच्या महापौरांपेक्षा कारभाराच्या जास्त जवळ. इचलकरंजी आणि जालना यांचं बघा. दोन्हीकडे २०१६ मध्ये लोकांनी नगराध्यक्ष थेट निवडला. इचलकरंजी २०२२ मध्ये महापालिका झाली, जालना २०२३ मध्ये. गाव मोठं झालं, पद मोठं झालं, आणि ते पद निवडायचा लोकांचा हक्क नगरसेवकांकडे गेला.

मला विचाराल तर, महापौर कसा निवडायचा यापेक्षा तो किती काळ बसणार आणि कशावर बसणार, हे आधी ठरवा. मुदत पाच वर्षं करा आणि स्थायी समितीचं अध्यक्षपद महापौरांकडेच द्या. निविदेवर ज्याची सही होते, त्यालाच सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागेल. आज सही एकाची, उत्तर दुसऱ्याचं, आणि शिव्या खाणारा तिसराच. संविधानाची ७४ वी दुरुस्ती १९९३ पासून लागू आहे. शहरांकडे कोणते विषय द्यायचे याची यादी तिने दिली, पण महापौर कसा निवडायचा आणि त्याला काय द्यायचं हे राज्यांवर सोडलं. राज्यांनी काय केलं ते आपण बघतोच आहोत. मुंबईबाहेर दुसरं सत्ताकेंद्र कोणत्याही मुख्यमंत्र्याला नको असतं, पक्ष कोणताही असो.

‘मग महापौर नसले तरी काय बिघडतं?’ हा पुढचा प्रश्न मला नेहमी येतो. त्याचं उत्तर आपण जगून बघितलंय. मुंबई, पुणे आणि इतर बऱ्याच महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, औरंगाबाद, नवी मुंबई यांची तर २०२० मध्येच. जानेवारी २०२६ मधल्या निवडणुकांपर्यंत आयुक्तच प्रशासक होते. त्यांनीच प्रस्ताव मांडायचा, त्यांनीच स्थायी म्हणून मंजूर करायचा, त्यांनीच सभा म्हणून ठराव करायचा. एकाच दिवसात तिन्ही सह्या! काही कामं भराभर झाली, हे मान्य. पण कोणता रस्ता का घेतला, कोणता का सोडला, हे विचारायला दारच उरलं नव्हतं. कार्यपत्रिका नाही, गॅलरी नाही, हरकत घेणारं कोणी नाही.

आता तुमच्या ड्रेनेजकडे येऊ.

मलनिस्सारण हे कलम ६३ खालचं बंधनकारक कर्तव्य आहे. बाग करायची की नाही हे महापालिकेच्या मर्जीवर, मैला वाहून नेणं मर्जीवर नाही. तुमच्या निवेदनात हे लिहा. आधी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन एवढंच विचारा की दुरुस्तीनं भागेल की लाइन बदलायला लागेल. दुरुस्ती असेल तर ती देखभालीच्या तरतुदीतून होते, त्याला महापौर लागत नाहीत, कनिष्ठ अभियंता आणि पाण्याच्या जोराने तुंबलेली लाइन मोकळी करणारं जेटिंग मशीन लागतं. लाइन बदलायची असेल तर एस्टिमेट लागतं, एस्टिमेट नसेल तर तरतूद होत नाही, आणि तरतूद नसेल तर कोणी कितीही झापलं तरी निविदा निघत नाही. तुमचं काम बहुधा इथेच अडलंय. एस्टिमेट झालंय का, कोणत्या तारखेला, कोणाच्या टेबलावर आहे, हे माहितीच्या अधिकारात मागा. एका पानाचा अर्ज, तीन प्रश्न.

मग प्रभाग समिती. या सभेला लोक जातच नाहीत, आणि तुमच्या गल्लीचा विषय पहिल्यांदा निघायची जागा तीच. तुमच्या नगरसेवकाला तिथे लेखी प्रस्ताव द्यायला लावा. तोंडी नको. आयुक्तांचं अंदाजपत्रक स्थायीकडे जाण्याच्या आधी, म्हणजे दिवाळीनंतर लगेच, हे झालं पाहिजे. जानेवारीत गेलात तर नगरसेवक म्हणेल, ‘आता पुढच्या वर्षी.’ पुण्यात ज्याला ‘स’ यादी म्हणतात, म्हणजे नगरसेवकाने सुचवलेली कामं, तिच्यात मग बाकड्यांच्या शेजारी तुमची लाइन येईल. बाकडी काढून लाइन घ्या म्हणून त्याला अडवायचं काम तुमचं.

आणि महापौरांकडे पुन्हा जरूर जा, पण फोन लावायला सांगू नका. नगरसेवकाला घेऊन जा, आणि त्या प्रस्तावाची प्रत समोर ठेवून एकच विनंती करा : येत्या सर्वसाधारण सभेत या प्रश्नावर खातेप्रमुखांकडून लेखी खुलासा मागवावा आणि तो इतिवृत्तात घ्यावा. ‘तातडीने योग्य ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य निवेदनातून काढून टाका. आवक-जावक टेबलावर अशी रोज शेकडो येतात आणि ‘पुढील कार्यवाहीसाठी अग्रेषित’ होऊन जातात. त्याऐवजी लाइनची अंदाजे लांबी, कोणत्या चेंबरपासून कोणत्या चेंबरपर्यंत, आधीच्या तक्रारींचे आवक क्रमांक आणि तारखा लिहा. मूळ अर्ज आयुक्तांच्या नावे, प्रत महापौरांना आणि नगरसचिवांना. दोन्ही प्रतींवर शिक्का घ्या. शिक्का मारायला शिपाई कंटाळा करेल, तिथेच उभं राहा.

सभेच्या दिवशी गॅलरीत बसायला पास लागतो, तो नगरसचिवांच्या कार्यालयात मिळतो. तुमच्यातले चार-पाच जण जाऊन बसा. खुलासा वाचला जाईल तेव्हा अभियंता वर गॅलरीकडे बघेल. पुढच्या महिन्यात इतिवृत्त कायम झालं की त्याची प्रत मागा, आणि त्यात तुमचा विषय कोणत्या शब्दांत आलाय ते बघा. ‘चर्चा झाली’ एवढंच असेल तर नगरसेवकाला पुढच्या सभेत पुन्हा उभं करा. ‘अमुक तारखेपूर्वी अहवाल सादर करावा’ असं असेल, तर ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी क्षेत्रीय कार्यालयात जाऊन बसा.